न मोजता ढिला केलेला स्क्रू

आनंदा,

गेले नऊ महिने माझे रविवार मोकळे आहेत. त्यातले आठ महिने तू होतास. सांगलीहून विट्याला जाणारी एसटी होती, विट्याहून दहिवडीची होती, माझ्या मोबाईलमध्ये तुझा नंबर होता, आणि मी विश्रामबागेतल्या घरात चहा पिऊन खिडकीशी बसून राहत होतो. आता तू नाहीस, तेव्हा बोलायला बसलोय. याला काय म्हणायचं ते तूच म्हण. अशा माणसासाठी तुझ्याकडं फौजेतला एक शब्द होता, तो मला इथं लिहिता यायचा नाही.

तुझ्या दहाव्याला वस्तीवरच्या लोकांनी तुझी माहिती सांगितली. फौजेत किती वर्षं होतास, कुठं कुठं बदल्या झाल्या, रिटायर होऊन आल्यावर गावासाठी काय केलंस. मी मागं उभा राहून ऐकत होतो आणि मला वाटत होतं, हे कुणाबद्दल चाललंय? मला माहीत असलेला आनंदा पत्र्याच्या शेडमध्ये उकिडवा बसलेला असतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावलेली असते, डोळे मिटलेले असतात, आणि बाहेरून कुणी हाक मारली तर दुसरा हात वर करून तो ‘थांब’ म्हणतो. त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही. ते बोलायचं काम माझंच होतं, आणि मला तोंड उघडता आलं नाही.

आपण भेटलो तेव्हा सुनंदाला जाऊन चार महिने झाले होते. आठवडाभर कॉलेजची प्रयोगशाळा होती, मुलं होती, दिवस निघून जायचा. रविवारी घरातली भांडी सुद्धा वाजायची नाहीत. मग मी गाडी काढायचो. शंभर सीसीची जुनी टू-स्ट्रोक, आमच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली. पेट्रोल निम्म्यावर आलं की वळायचं, एवढंच ठरलेलं. त्या दिवशी ती मायणीच्या पुढं माळावर बंद पडली. दोन्हीकडं कुसळं आणि बाभळी, माणूस नाही. किक मारून मारून मी दमलो. तेवढ्यात दहा-बारा शेळ्या रस्त्यावर आल्या आणि त्यांच्या मागून तू.

“काय झालं?”

“बंद पडली.”

“ते दिसतंय. पर बंद पडताना काय म्हणाली?”

मला कळलंच नाही.

“म्हंजी अडखळत अडखळत गेली का गप्पकन गेली?”

“गप्पकन.”

“मग पेट्रोल न्हाई. करंट हाय.”

तू खिशातून एक नाणं काढलंस, त्यानंच बाजूच्या झाकणाचे स्क्रू फिरवलेस, आत वाकून बघितलंस, शर्टाच्या खिशातला कुठल्यातरी पावतीचा कागद घडी घालून आत सरकवलास आणि दोनदा ओढलास. झाकण लावलंस. “हाणा किक.” पहिल्या किकला गाडी सुरू झाली. मी आभार मानायला लागलो तर तुझं लक्ष शेळ्यांकडं.

“कुठं निघाला हुता?”

“कुठंच नाही.”

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलंस. “मग च्या प्यायला चला,” म्हणालास.

सोळा वर्षं तो चहा चालला.

तुझी शेड मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला माझी प्रयोगशाळा आठवली होती आणि थोडी लाजही वाटली होती. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली, त्या त्या आकृतीवर तो तो पाना. खाली तुझी लाल गाडी, माझ्याच गाडीच्या जातीची, दोन वर्षांनी थोरली. मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे म्हटल्यावर तू म्हणालास, “म्हंजी सर.” मी म्हटलं, सर नव्हे, साहाय्यक. “हितं सरच,” तू म्हणालास, आणि मग सोळा वर्षं मला ‘सर’ही म्हणत राहिलास आणि ‘तू’ही. “सर, तू लय घाई करतोस.” “सर, तुजं डोकं कुठं हाय?”

पहिले तीन महिने तू मला फक्त सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायला लावलेस. पान्याला हात लावू दिला नाहीस. मी एकदा चिडून म्हटलं, मी तीस वर्षं मुलांना उपकरणं हाताळायला शिकवतोय. तू शांतपणे म्हणालास, “मग तुला ठावं असंल, मोडलं काय तर भरून कोण देतं.” हिरावहिनी दारात बाजरी पाखडत होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मी रॉकेलचा डबा पुन्हा पुढं ओढला.

नंतर तूच सगळं दिलंस. कार्ब्युरेटर कसा खोलायचा, सायलेन्सरच्या आतली काजळी कशी जाळायची, क्लचच्या पट्ट्या ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर कशा मांडायच्या. आसपासच्या वस्त्यांवरून लोक त्यांच्या जुन्या गाड्या ढकलत आणायचे. कुणाच्या वडलांची, कुणाची हुंड्यातली. नवी गाडी दारात उभी असायची, तरी जुनी त्यांना भंगारात घालवत नव्हती. तू कधी विचारलं नाहीस की ठेवून काय करणार. काम झालं, गाडीचा आवाज एकसारखा पडायला लागला, की तू पाय जुळवून मला म्हणायचास, “ओके रिपोर्ट, सर.”

एक गोष्ट मी तुला कधी बोललो नाही. माझी गाडी आपण पूर्ण खोलली, ते वर्ष. रंग नवा, सीट नवी, मागचं चाक काढलेलं. डाव्या बाजूची ती जाळी, साडी चाकात जाऊ नये म्हणून असते ती, तू हातात घेऊन उभा होतास. गंजलेली होती. “ही ठेवायची का काढायची?” तू सहज विचारलंस. मी स्पोकच पुसत बसलो. तू परत विचारलं नाहीस. पुढच्या रविवारी आलो तर ती जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली, गंज उतरवून, चांदीसारखी घासून. तूच ती जागेवर बसवलीस, चारही नटांना तेल लावून. मग कितीतरी वेळानं, दुसरंच काहीतरी करता करता, विचारलंस, “वैनींचं नाव काय हुतं?”

“सुनंदा.”

“हं,” तू म्हणालास. तेवढंच. सुनंदा गेल्यावर मला घरी भेटायला येऊन बसलेल्या माणसांपैकी एकानंही इतकं बरं काही केलं नव्हतं.

आपली भांडणं मात्र पुष्कळ झाली, आणि एक तर अजून चालूच आहे. पॉइंटचं. आपल्या या गाड्यांच्या पोटात दोन बारक्या धातूच्या टिकल्या असतात, त्या एकमेकींना चिकटतात आणि सुटतात, सुटतात तेव्हा ठिणगी पडते. सुटताना त्यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट पाहिजे. जास्त नको, कमी नको. तो गॅप लावणं हे सगळ्यात नाजूक काम. एक स्क्रू ढिला करायचा, टिकली बसवलेली पट्टी केसभर सरकवायची, आणि स्क्रू आवळताना ती पुन्हा हलू नये म्हणून डाव्या अंगठ्यानं दाबून धरायची. मी म्हणायचो, आता याच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट मिळतं, एकदा बसवलं की परत बघायला नको. तू म्हणायचास, “परत बघायला नगं तर मग आपुन रविवारी करायचं काय?” मी एक किट मागवलंसुद्धा होतं. तू खोकं उघडूही दिलं नाहीस. ते अजून माझ्या कपाटात आहे, आणि अजूनही मला वाटतं माझंच बरोबर होतं.

पण किट मी कशासाठी मागवलं होतं, ते तुला कळलं होतं. म्हणूनच तू उघडू दिलं नसशील.

तुझा उजवा अंगठा थरथरतो हे आधी मला दिसलं. चहाचा कप धरलेला नव्हता, हात नुसता मांडीवर ठेवलेला होता, आणि अंगठा आपोआप हलत होता, विडी वळल्यासारखा. तुझं लक्ष गेलं तेव्हा तू तो दुसऱ्या हातानं झाकलास. साताऱ्याच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. तू गोळ्यांची चिठ्ठी मला दाखवलीस आणि म्हणालास, “कामाला लावला की थांबतोय हात. रिकामा बसला की नाचतोय. म्हंजी रिकामं बसायचं न्हाई.” पहिलं वर्ष खरंच तसं होतं. पाना धरला की हात शांत व्हायचा. मग बारके स्क्रू पडायला लागले. तू म्हणायचास चष्मा बदलायला हवा.

शेजारच्या वस्तीवरच्या विठू दूधवाल्याची गाडी आपण दुरुस्त करून दिली आणि दुसऱ्या दिवशी तो कॅन भरलेल्या गाडीसकट ओढ्यात अडकून पडला. गाडी चढावर दम टाकत होती. पुढच्या रविवारी त्यानं ती परत आणली. तू पेट्रोलची नळी बघत बसलास. मी झाकण काढून गॅप मोजला, तो दुप्पट होता. तू हात धुवायला गेलास तेवढ्यात मी तो बरोबर लावला, झाकण बसवलं, आणि तू आल्यावर म्हटलं, नळीतच कचरा असेल.

तिथून ते सुरू झालं. तू गॅप लावायचास, मी वाट बघायचो. तू चहा सांगायला, हात धुवायला, बांधाकडं जायला उठलास की खिशातला पत्ता, फट मोजायची पातळ पोलादी पाती, काढायचो, स्क्रू ढिला, पट्टी नीट, स्क्रू घट्ट. दीड मिनिटाचं काम. गाडी छान चालू व्हायची, तू “ओके रिपोर्ट” म्हणायचास आणि मी मान हलवायचो. मी हे तुझ्यासाठी करतोय असं मला वाटत होतं. तसं होतंही. पण आता खरं सांगतो, थोडं बरंही वाटत होतं. ज्याच्याकडं तीन महिने रॉकेलमध्ये हात बुडवले, त्याच्यापेक्षा माझा हात आता नेमका होता, आणि हे फक्त मलाच माहीत होतं.

संक्रांतीनंतरचा तो रविवार. आपण पावट्याची आमटी आणि भाकरी खाल्ली. शेडमध्ये तुझी लाल गाडी स्टँडवर होती, झाकण नुसतं टेकवलेलं. तू म्हणालास, “सर, सकाळी पॉइंट लावलाय. झाकण तेवढं घट्ट कर, मी हात धुवून येतो.” हात तर तू जेवल्यावर धुतले होतेस. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. तू दारातून बाहेर गेलास आणि माझा हात सवयीनं खिशाकडं गेला. स्क्रू ढिला, पट्टी नीट, स्क्रू घट्ट. झाकण लावून पुसूनही ठेवलं.

तू लगेच आलास. हातात भिंग होतं, पत्रं वाचायला वहिनी घ्यायच्या ते. काही न बोलता खाली बसलास, झाकण काढलंस, भिंग धरलंस. हात थरथरत होता म्हणून मनगट गुडघ्यावर टेकवलंस.

“सर, हितं बघ.”

मी बघितलं. स्क्रूच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत एक बारीक लाल रेघ होती. वहिनींच्या डबीतलं कुंकू ओलं करून तू ओढली होतीस. रेघ मधोमध तुटली होती. स्क्रूवरचा तुकडा एकीकडं, पट्टीवरचा दुसरीकडं.

“किती दिवस चाललंय ह्ये?”

“पहिल्यांदाच,” मी म्हणालो. “आनंदा, शपथ. आज सहज हात लावला.”

“शप्पत घालू नगंस.”

दोन वर्षं चाललं होतं, आनंदा. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वर्षं, जवळजवळ प्रत्येक गाडी.

तू उठला नाहीस. तसाच बसून, माझ्याकडं न बघता म्हणालास, “आज बराबर हुता. सकाळी सातपास्नं बसलो हुतो. धा वाजले. चार येळा सरकला, पाचव्या येळला बसला. दोनदा मोजला. तू मोजलास का, हात लावायच्या आधी?”

मी मोजलं नव्हतं. तुझं काम चुकलेलंच असणार हे मी धरूनच चाललो होतो. इतके दिवस निदान आधी मोजत तरी होतो. मग कधीतरी तेही सुटलं, आणि सुटलं हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

“मोजलं असतंस तर गप झाकण लावलं असतंस,” तू म्हणालास. “मग मी तुला म्हणणार हुतो, बघ गड्या, जमतंय अजून.”

तू भिंतीशी गेलास आणि खाली पसरलेले पाने एकेक करून आपापल्या आकृतीवर लावायला लागलास. मी दारात उभा होतो. एक पाना खिळ्याला लागेना, दोनदा, तीनदा. मी मदतीला पुढं झालो असतो, पण पाय उचललाच नाही. चौथ्यांदा तो लागला. मी पिशवी घेऊन निघालो. वहिनी म्हणाल्या, “आवं सर, च्या?” मी म्हटलं, आज नको.

मग मी दोन रविवार आलो नाही. तिसऱ्या आठवड्यात फोन केला तो वहिनींनी उचलला. तू झोपला आहेस म्हणाल्या. सकाळचे अकरा वाजले होते. मी समजायचं ते समजलो आणि परत फोन केला नाही. रागावलो होतो असं नाही. काय बोलायचं हे ठरवत होतो. ‘तुझा हात थरथरतो म्हणून केलं’ हे बोलता येत नव्हतं, ‘चूक झाली’ एवढंच बोललो तर पहिल्यांदाचं खोटं तसंच राहत होतं. असा विचार करत माणूस एक आठवडा काढतो, मग एक महिना. मी माझ्या गाडीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. बाजारात जायला रिक्षा करायचो. दुपारी कधी गल्लीतून एखादी जुनी टू-स्ट्रोक गेली की आवाजावरून तिचं काय बिघडलंय ते मनात यायचं, आणि ते सांगायला घरात कुणी नसायचं.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तुझा मिस्ड कॉल होता. मी दळणाला गेलो होतो, फोन घरी. आल्यावर बघितलं, एकच कॉल. लगेच लावायला हवा होता ना? मी ठरवलं, फोनवर नको, रविवारी समोरच जाऊ. रविवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या रविवारी मनात आलं, तू फोन मुद्दाम केला होतास की हात थरथरून माझ्या नावावर बोट पडलं होतं? हे एकदा डोक्यात शिरलं ते निघेना. तू बोलवत असशील तर जायचं, आणि चुकून लागला असेल तर तू मला बघून काय करशील? एवढ्याशा गोष्टीवर मी महिना घालवला. मग वहिनींचा फोन आला. मी पोचलो तेव्हा वस्तीवरची माणसं तुला अग्नी देऊन ओढ्याकडून परत येत होती.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो.

तेराव्यानंतर तुझा दत्ता माझ्याजवळ येऊन बसला. चांगला मुलगा आहे. मुंबईतली त्याची खोली लहान, तरी आईला घेऊन जायचं म्हणतो. दिवाळीच्या आत येऊन नेतो म्हणाला. शेड मोकळी करायची, शेळ्या चुलत्याकडं द्यायच्या. “काका, अण्णांची गाडी तुमी न्या. हितं तिला कोण बघणार?” मी हो म्हणालो. नाही म्हणायला मी कोण?

गेल्या रविवारी सकाळी मी निघालो. नऊ महिन्यांनी रविवारची तीच विट्याची एसटी. वाटेत गॅपचा पत्ता आणायचा राहिला असं वाटून दोनदा खिसा चाचपला. तो होता. वहिनींनी दार उघडलं, अंगणात बाजरी वाळत होती. त्यांनी शेडची किल्ली दिली आणि स्वतः येऊन उंबऱ्यावर बसल्या. तुझ्या आयुष्यात त्या शेडच्या उंबऱ्याच्या आत कधी आल्या नव्हत्या, तुला आठवत असेल.

गाडीवर धूळ होती. मी पुसत होतो आणि त्या मागून म्हणाल्या, “सर, एक सांगू का? त्यांना पैल्यापास्नं ठावं हुतं.”

माझा हात थांबला.

“काय?”

“तुमी मागनं पॉइंट लावता ते. त्या दूधवाल्याच्या गाडीपास्नं. मला म्हणायचे, सरांना वाटतंय मला कळत न्हाई. करू दे. गाडी चालू राहतीया, लोकं परत येतायत, आणि सरबी येतोय.”

“मग त्या दिवशी...”

“त्या दिवशी त्यांनी बराबर लावला हुता.” वहिनी बाजरीकडं बघत होत्या. “सकाळी मला हाका मारून उंबऱ्यावरनंच दाखवला. मला काय कळतंय त्यातलं? पर चेहरा असा झाला हुता, पोरासारखा. म्हणाले, आज सर मोजंल आणि गप बसंल, बघ.” मग म्हणाल्या, “तुमी मागनं केलं त्याचं न्हाई लागलं त्यांना. ‘पैल्यांदाच’ म्हणाला, ते लागलं.”

नागपंचमीच्या त्या फोनचं मी त्यांना विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं. “मोबाईल घिऊन बसायचे दुपारचे,” एवढंच म्हणाल्या. “तुमी गेल्यावर दोन दीस त्योच पॉइंट खोलत हुते न् लावत हुते. मग झाकण लावलं ते लावलं.”

मी झाकण काढलं. आधी मोजलं. पत्ता आत सैल गेला, त्याच्यापेक्षा जाड होता तोही सैल गेला. फट जास्त होती, बरीच जास्त. माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता, आणि सांगलीपर्यंत शंभर किलोमीटर गाडी न्यायची होती. मी ती फट कितीतरी वेळ बघत राहिलो. तुझ्या हातानं शेवटची लावलेली होती. मी स्क्रूला हात लावला नाही. झाकण बसवलं.

पेट्रोल घातलं, ऑइल घातलं, प्लग घासला. किकवर पाय ठेवणार तेवढ्यात वहिनी उठल्या आणि उंबरा ओलांडून आत आल्या.

“कशी चालू करायची ते मला दाखवा.”

“तुम्ही?”

“चाळीस वर्सं आवाज ऐकला. सैपाक करताना ऐकला, भांडताना ऐकला. एकदाबी चालू केली न्हाई. दाखवा.”

मी दाखवलं. चावी, पेट्रोलचा कॉक, चोक. पाय कुठं ठेवायचा, अर्धी किक सावकाश दाबून मग जोर कसा लावायचा. त्यांनी पदर कमरेला खोचला, चप्पल काढून ठेवली आणि उजवा पाय किकवर ठेवला. पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्याला नुसता धूर. मी म्हणणार होतो की गॅप जास्त आहे, म्हणून. नाही म्हणालो. तिसऱ्याला गाडी खोकली. चौथ्याला लागली.

आवाज एकसारखा नव्हता. मधेच एक ठोका गाळत होती, पुन्हा सावरत होती. पत्र्याची शेड त्या आवाजानं भरून गेली. बाहेर शेळ्यांनी माना वर केल्या. वहिनी दोन्ही हात टाकीवर ठेवून उभ्या होत्या, डोळे मिटून. मी भिंतीशी उभा होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मी धुराकडं तोंड केलं.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “बंद करू का?”

“राहू द्या जरा.”

“पेट्रोल जळतंय नुसतं,” वहिनी म्हणाल्या, आणि चावी फिरवली.

इतकी शांतता झाली की बाजरीवर उतरलेल्या चिमण्या ऐकू यायला लागल्या. वहिनींनी चावी काढून घेतली. मला वाटलं माझ्या हातात देतील. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली, दोन गाठी मारल्या, आणि चप्पल पायात घालता घालता म्हणाल्या, “गाडी हितंच राहूद्या. मीबी हितंच ऱ्हातिया. दत्ताला मी सांगते.”